किती पुरे? मेड्युलोब्लास्टोमाची शंभर वर्षं



या व्याख्यानाची पत्रिका छापायला देण्याआधी व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला होता. "डॉक्टर, विषयाचं नाव जरा सोपं नाही का करता येणार?" मी म्हटलं, आहे तेच राहू द्या. ज्यांच्या घरात हा शब्द शिरतो त्यांना तो आठवड्याभरात पाठ होतो. चौथी शिकलेली आजीसुद्धा तो अचूक उच्चारते. बाकीच्यांनी आजच्या एका संध्याकाळी तो ऐकून घ्यायला हरकत नाही.

मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूत होणारी कर्करोगाची गाठ. लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर असतो. तोल, चाल, हाताची सफाई ही कामं त्याच्याकडे. ही गाठ मुख्यतः मुलांना होते. दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण पाच, म्हणजे दुर्मीळच. तरीही मुलांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांत तिची गणना होते. वाढते झपाट्याने. आणि तिची एक खोड अशी, की पुढचे सगळे उपचार त्या खोडीभोवती रचावे लागले. मेंदूच्या आत आणि पाठीच्या मणक्यातून एक स्वच्छ पाणी सतत फिरत असतं. ही गाठ त्या पाण्याच्या वाटेवरच बसलेली असते. पाटाच्या पाण्याबरोबर तणाचं बी खालच्या वाफ्यांत जाऊन पडावं, तशा तिच्या पेशी त्या पाण्याबरोबर पार कमरेपर्यंत उतरतात. वरची गाठ कितीही सफाईने काढली तरी खाली काय पडलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

हिचं पहिलं नीट वर्णन १९२५ साली बॉस्टनमध्ये झालं. पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी २९ रुग्णांवरून हा वेगळा आजार आहे हे मांडलं. ज्या मूळ पेशीवरून त्यांनी नाव ठेवलं ती पेशी पुढे कुणालाच सापडली नाही, पण नाव टिकलं. कुशिंग हा त्या काळातला मेंदूच्या शस्त्रक्रियेतला सर्वांत मोठा माणूस. त्याची कीर्ती सगळ्यांना माहीत असते. मला आज नाव घ्यायचंय ते त्याच्या विभागातल्या लुईज आयझेनहार्ट यांचं. संपादनाच्या कामात मदतनीस म्हणून त्या त्याच्याकडे आल्या, नंतर स्वतः डॉक्टर झाल्या आणि मेंदूच्या गाठींच्या नावाजलेल्या पॅथॉलॉजिस्ट ठरल्या. कुशिंगच्या शस्त्रक्रियांचा हिशेब त्यांनी एका छोट्या काळ्या वहीत ठेवला. कोण वाचलं, कोण गेलं, कधी गेलं. शल्यविशारदाची आठवण सोयीची असते, वही सोयीची नसते. १९३० साली कुशिंगने ६१ मेड्युलोब्लास्टोमा रुग्णांचा ताळेबंद प्रसिद्ध केला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी जिवंत असलेला रुग्ण एकच होता. त्या काळातल्या जगातल्या सर्वोत्तम हातांचा हा निकाल. तो त्याने छापला, लपवला नाही.

शंभर वर्षांपूर्वी सुरुवात इथून झाली. आता अशी गाठ शरीरात न पसरलेल्या आणि शस्त्रक्रियेत जवळजवळ पूर्ण निघालेल्या मुलांपैकी पाच वर्षांनी ८५ टक्क्यांच्या आसपास मुलं जिवंत असतात. हे चांगल्या केंद्रांतले, उपचार पूर्ण झालेल्या मुलांचे आकडे आहेत हे ध्यानात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे. मधल्या काळात काय घडलं? लोकांना वाटतं, एकामागून एक जालीम औषधं आली असतील. काही आली. पण या आजाराचा इतिहास मला वेगळाच दिसतो. पहिल्या तीस वर्षांत डॉक्टर उपचार वाढवायला शिकले. पुढची सत्तर वर्षं त्यांनी उपचार कमी कसे करावेत हे शिकण्यात घालवली. हे दुसरं शिकणं फार अवघड, आणि अजून संपलेलं नाही.

वाढवण्याची गोष्ट मँचेस्टरची. एडिथ पॅटरसन आणि आर. एफ. फार यांनी १९५३ साली २७ रुग्णांचा अहवाल दिला. त्यांनी गाठीची खोड ओळखली आणि गाठीच्या जागेपुरतं न थांबता अख्खा मेंदू आणि माकडहाडापर्यंतचा पूर्ण मणका यांना रेडिएशन दिलं. तीन वर्षांनी ६५ टक्के रुग्ण जिवंत होते. कुशिंगच्या ६१ मधल्या एकाशेजारी हा आकडा ठेवून पाहा. एमआरआय नाही, सीटी स्कॅन नाही (तो पहिल्यांदा झाला १९७१ साली, लंडनमध्ये), संगणकावर किरणांची आखणी नाही, आणि तरी एवढी झेप. पाणी जिथे जातं तिथे किरण गेले पाहिजेत हा सरळ विचार तिच्यामागे होता.

आपल्याकडे याला कुणी लाइट म्हणतं, कुणी शेक म्हणतं. सोमवार ते शुक्रवार, रोज एक बैठक, सहा आठवडे. मुलाच्या तोंडाच्या मापाचा जाळीदार मास्क बनवतात, त्याने डोकं टेबलाला घट्ट बसतं, कारण दोन मिलीमीटर हलूनही चालत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला रोज भूल द्यावी लागते. पाच-सहा मिनिटांचं काम असतं. दुखत नाही. आईबाप बाहेर बसलेले असतात आणि त्यांना वाटतं, हे तर सोपं निघालं.

त्याची किंमत पुढे दिसू लागते. पन्नासच्या दशकात वाचलेली मुलं मोठी होऊ लागली, तसं डॉक्टरांना काही गोष्टी दिसायला लागल्या. मुलं उंच होत नव्हती, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीलाही किरण लागले होते आणि मणक्यांची वाढ खुंटली होती. थायरॉइड मंदावत होता. आणि शाळेत मुलं मागे पडत होती. बुद्ध्यंकाचा अभ्यास केलेल्यांना वर्षाला साधारण दोन ते चार गुणांची घट आढळली, लहान वयात रेडिएशन घेतलेल्यांत जास्त. याचा अर्थ मूल शिकलेलं विसरतं असा नाही. बरोबरीची मुलं ज्या वेगाने नवं उचलतात तो वेग त्याला राहत नाही. दुसरीत फरक कळत नाही, सातवीत कळतो. मेंदूच्या पेशींना जोडणाऱ्या तारांवरचं आवरण किरणांनी पातळ होतं, त्याचा हा परिणाम.

मग प्रश्न आला तो असा: मेंदूला आणि मणक्याला ३६ ग्रे देतो आहोत, एवढे खरंच लागतात का? ग्रे हे रेडिएशनचं माप. ३६ ग्रे म्हणजे १.८ ग्रेच्या २० बैठका, आणि त्यानंतर गाठीच्या जागेला वरचा डोस. आता हा प्रश्न विचारायला सोपा वाटतो. पण विचार करा, तुमच्यापुढे मूल आहे, ३६ दिलं तर वाचेल अशी बऱ्यापैकी खात्री आहे, आणि तुम्ही म्हणता, २३ देऊन बघू. गाठ परत आली तर दोष कुणाचा? अशा वेळी डोस कमी न करण्याकडे मन झुकतं, आणि त्या मनाला धाडस नाही म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

डोस कमी करून पाहण्याचं काम वॉशिंग्टनच्या रॉजर पॅकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांनी रेडिएशन कमी करून त्याची भरपाई केमोथेरपीने केली. सिसप्लाटिन, सीसीएनयू, व्हिन्क्रिस्टीन. डोस ३६ वरून २३.४ ग्रेवर आणला, म्हणजे २० बैठकांच्या १३ झाल्या. १९९९ साली ६५ मुलांचा निकाल आला: पाच वर्षांनी ७९ टक्के मुलांत गाठ परतलेली नव्हती. मग ३७९ मुलांची मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल २००६ मध्ये आला. पाच वर्षांनी ८६ टक्के मुलं जिवंत. पसरलेल्या गाठींना हा कमी डोस लागू नाही, त्यांना अजून ३६ च्या घरातच जावं लागतं. पण बाकीच्यांसाठी एक तृतीयांशाहून जास्त रेडिएशन कमी झालं आणि वाचणाऱ्यांचं प्रमाण घटलं नाही.

जर्मनीत त्याच्याही पुढे गेले. तीन वर्षांच्या आतल्या बाळांच्या मेंदूला रेडिएशन देणं म्हणजे पुढच्या आयुष्याचा मोठा भाग काढून घेणं. स्टेफान रुटकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ४३ बाळांना रेडिएशन अजिबात न देता फक्त केमोथेरपी दिली, त्यात मेथोट्रेक्सेट थेट मेंदूतल्या पाण्यात सोडलं. २००५ साली त्यांनी लिहिलं, की गाठ पूर्ण निघालेली आणि पसरलेली नसलेली अशी जी बाळं होती त्यांतली ९३ टक्के पाच वर्षांनी जिवंत होती. मी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा आकडा छापताना चूक झाली असावी असं वाटून परत तक्ता बघितला होता.

पण कमी करण्यालाही तळ असतो. अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी २३.४ वरून आणखी खाली, १८ ग्रेवर जाऊन पाहिलं. २०२१ साली निकाल आला. १८ ग्रेच्या मुलांत पाच वर्षांनी ७१ टक्के मुलं आजारमुक्त होती, २३.४ च्या मुलांत ८३ टक्के. बारा टक्क्यांचा फरक. त्याच चाचणीतून दुसरं एक कळलं, की वरचा डोस लहान मेंदूच्या अख्ख्या पोकळीला देण्याची गरज नाही, गाठीच्या जागेपुरता दिला तरी भागतं. एकाच अभ्यासाने एक दार बंद केलं आणि एक उघडलं. वर्तमानपत्रात याची बातमी होत नाही. "कर्करोगावर नवं औषध" याची होते. माझ्या मते मुलांच्या कर्करोगात गेल्या पन्नास वर्षांतली बरीचशी मोलाची कामं अशीच आहेत, ज्यांची ठळक बातमी कुणालाच करता येत नाही.

आता जरा वळसा घालून मेंढ्यांकडे जाऊ. पुढची गोष्ट तिथून सुरू होते.

अमेरिकेत आयडाहो नावाचं राज्य आहे. तिथल्या धनगरांच्या कळपांत १९५० च्या दशकात विचित्र कोकरं जन्माला येऊ लागली, कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली. सरकारी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माग काढला. डोंगरावर कॉर्न लिली नावाची वनस्पती उगवते. गाभण मेंढीने ती नेमकी चौदाव्या दिवशी खाल्ली तर कोकरू एकाक्ष होतं. वनस्पतीतून विष वेगळं काढलं, त्याला सायक्लोपामिन नाव दिलं. वर्षानुवर्षं ते कपाटात पडून राहिलं. दरम्यान जर्मनीत क्रिस्टिआने न्युसलाइन-फोल्हार्ड आणि एरिक विशाऊस फळमाशीच्या अळ्यांवर काम करत होते. १९८० साली त्यांनी एक जनुक सांगितलं, ते बिघडलं की अळीच्या अंगभर काटे येतात. म्हणून त्याला हेजहॉग म्हणाले. पुढे कोंबडी-उंदरांत तसंच जनुक सापडलं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या एका तरुणाने त्याला व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव देऊन टाकलं, सॉनिक हेजहॉग. हे जनुक पेशींना गर्भात कुठे आणि किती वाढायचं ते सांगतं. सायक्लोपामिन नेमकी तीच साखळी तोडतं, म्हणून कोकराच्या मेंदूचे दोन भाग होत नाहीत आणि डोळा एकच राहतो.

मेड्युलोब्लास्टोमाच्या साधारण तीनातल्या एका गाठीत हीच साखळी चालू अवस्थेत अडकलेली असते. मग तिला तोडणारं औषध दिलं तर? २००९ साली एका २६ वर्षांच्या तरुणाची कहाणी प्रसिद्ध झाली. सगळे उपचार हरलेले, हाडांत पसरलेली गाठ. त्याला त्या साखळीवर नेम धरणारी गोळी दिली. दोन महिन्यांत स्कॅनमधल्या गाठी जवळजवळ दिसेनाशा झाल्या. तिसऱ्या महिन्यात त्या परत आल्या. ज्या प्रथिनावर औषध बसतं त्याचा आकारच गाठीने बदलून घेतला होता. लहान मुलांत याचा आणखी एक अडसर आहे: वाढणाऱ्या हाडांना ही साखळी लागते, औषधाने हाडांच्या टोकांची वाढ अकाली बंद होते. त्यामुळे उंची पूर्ण न झालेल्या मुलाला ही गोळी देताना हात आखडतो. इतक्या सुंदर विज्ञानातून इतकं थोडं हाती लागलं, हे मान्य केलं पाहिजे. पण या शोधातून एक गोष्ट पक्की झाली: मेड्युलोब्लास्टोमा हा एक आजार नाही.

२०१० साली बॉस्टनमध्ये जगभरचे संशोधक बसले आणि चार गट ठरले. डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट तीन आणि गट चार. शेवटच्या दोघांना नीट नावंही मिळालेली नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली चौघं बरेचसे सारखे दिसतात, वागतात मात्र वेगळे. डब्ल्यूएनटी दहातल्या एखाद्या मुलात असतो आणि योग्य उपचार मिळाले तर ९५ टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात. गट तीनमध्ये एमवायसी नावाचं जनुक अनेक पटींनी वाढलेलं असेल तर सगळं नीट करूनही निम्मी किंवा त्याहून कमीच मुलं हाताला लागतात. म्हणजे एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी दोन मुलं, एकच निदान, एकच औषध. एकाला आपण गरजेपेक्षा जास्त देतो आहोत, दुसऱ्याला कितीही दिलं तरी अपुरं पडतंय. गट कळल्याशिवाय डोस ठरवणं हे यापुढे चालणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

गट ओळखण्याची तपासणी महागड्या यंत्रांवर होते, ताजा नमुना गोठवून लागतो, असं सुरुवातीला होतं. आपल्याकडे शस्त्रक्रिया कुठल्या तरी जिल्ह्याच्या गावी होते आणि मुलाच्या बापाच्या पिशवीत गाठीचा तुकडा असलेला मेणाचा ब्लॉक आणि दोन स्लाइड येतात. तेवढ्यावर भागवायचं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, नीलम शिरसाट यांच्या गटाने हे काम हाती घेतलं. १२ जनुकं आणि ९ सूक्ष्म आरएनए यांची पातळी मोजून, त्याच मेणाच्या ब्लॉकवरून, साध्या पीसीआर यंत्रावर गट सांगणारी चाचणी त्यांनी तयार केली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. इथल्या परिस्थितीत इथल्या माणसांनी काढलेला हा मार्ग आहे, आणि तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या या गावात सांगताना मला बरं वाटतं.

याच केंद्रातली दुसरी गोष्ट कमी सुखाची आहे, पण ती सांगितल्याशिवाय माझं बोलणं अपुरं राहील. डब्ल्यूएनटीची मुलं इतकी चांगली वाचतात, तर त्यांच्या मेंदूला आणि मणक्याला रेडिएशन न देता फक्त गाठीच्या जागेला द्यावं का? तेजपाल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी सुरू केली. सात मुलं घेतली. त्यांतल्या काहींमध्ये मेंदूच्या दुसऱ्या भागात आणि मणक्यात गाठ उगवली. चाचणी तिथेच थांबवली. त्याच सुमारास अमेरिकेत रेडिएशन पूर्ण वगळून केवळ केमोथेरपीवर डब्ल्यूएनटीच्या मुलांना ठेवून पाहिलं होतं, तिथेही गाठी परतल्या आणि तो प्रयोगही बंद झाला. १९५३ च्या मँचेस्टरचा विचार सर्वांत सौम्य गटातही खरा निघाला. ही चाचणी फसली असं मी म्हणणार नाही. सात मुलांनंतर थांबता आलं, कारण प्रत्येक मुलाचा एमआरआय ठरल्या तारखेला होत होता आणि कुणीतरी तो वाचत होतं. नाहीतर आपल्याकडे सौम्य उपचारांचे प्रयोग अनेक ठिकाणी चालतात, फक्त त्यांना कुणी प्रयोग म्हणत नाही आणि त्यांची वही कुणी ठेवत नाही.

आता खारघरला २०२३ पासून प्रोटॉनचं यंत्रही चालू झालं आहे. चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात ते त्याआधी आलं. नेहमीचे क्ष-किरण मणक्यातून आरपार जातात आणि पुढच्या बाजूला हृदय, अन्ननलिका, मुलीच्या बाबतीत बीजांडकोश यांनाही थोडं थोडं देऊन जातात. प्रोटॉन नेमलेल्या खोलीवर थांबतात. या आजारात त्याचा फायदा खरा आहे. पण प्रोटॉन मिळालं म्हणजे मूल जास्त वाचतं असा समज करून घेऊन कुणी घर विकू नये. गाठीवर त्याचा परिणाम सारखाच, फरक आजूबाजूच्या अवयवांना आहे. आणि प्रोटॉनच्या रांगेत दोन महिने घालवण्यापेक्षा साधं रेडिएशन वेळेत सुरू झालेलं केव्हाही बरं. शस्त्रक्रियेनंतर सात आठवड्यांच्या आत ते सुरू व्हायला हवं, आणि एकदा सुरू झाल्यावर मध्ये खंड नको. युरोपातल्या चाचण्यांत हे दिसलेलं आहे.

वेळेवरून आपल्या गावांकडे येते.

गाठ पाण्याची वाट अडवते, डोक्यात दाब वाढतो. मुलाचं डोकं सकाळी उठल्या उठल्या दुखतं, उलटी होते, आणि उलटी झाल्यावर बरं वाटतं. दहा वाजेपर्यंत पोर खेळायला लागतं. म्हणून शाळा टाळतोय असं वाटतं. मग पित्ताची गोळी, जंताचं औषध, चष्म्याचा नंबर, अर्धशिशी, नजर उतरवणं, हे सगळं होऊन जातं. नंतर चाल बिघडते. दारू प्यायल्यासारखं झोकांड्या देतं, मान एका बाजूला कलते, एकाचे दोन दिसतात. तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ब्रिटनमध्ये मुलांच्या मेंदूच्या गाठीचं निदान व्हायला मधला काळ १४ आठवड्यांहून जास्त होता. तिथे २०११ मध्ये हेडस्मार्ट नावाची मोहीम सुरू झाली. लक्षणांचं एक छोटं कार्ड शाळांत आणि डॉक्टरांत वाटलं. दोन-तीन वर्षांत तो काळ सात आठवड्यांच्या आत आला. यंत्र नाही, औषध नाही, कार्ड.

ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत ते सर या तालुक्यात मुलांचे डॉक्टर होते. डोकं दुखणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यात ते ऑप्थॅल्मोस्कोपने बघत. डोळ्याच्या पडद्यावरची नस सुजलेली दिसली की डोक्यात दाब आहे हे समजावं. अर्ध्या मिनिटाचं काम. आजही बहुतेक ओपीडीत ते यंत्र असतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे सेल संपलेले असतात.

दाब असेल तर पहिलं काम तो उतरवणं. पाण्याला वाट काढून देणारा शंट बसवतात, किंवा दुर्बिणीतून आतल्या आत भोक पाडतात. अशा शंटमधली झडप १९५६ मध्ये फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाच्या कारखान्यातल्या तंत्रज्ञाने स्वतःच्या मुलासाठी बनवली. मग गाठ काढतात. साधारण चारातल्या एका मुलाचं बोलणं शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनी बंद होतं. आठवडे, कधी महिने बंद राहतं, आणि मग हळूहळू परत येतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर आईबाप समजतात ऑपरेशन बिघडलं, आणि मूल घेऊन घरी जातात.

घरी जाणं हीच आपली खरी अडचण. टाटामध्येच एके काळी दर पाच मुलांमागे जवळपास एका मुलाचे पालक उपचार नाकारत किंवा अर्ध्यात सोडत. आज ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आहे. ते औषधाने झालं नाही. इम्पॅक्ट फाउंडेशनने प्रत्येक कुटुंबाच्या खर्चाचा, राहण्याचा, जेवणाचा, समुपदेशनाचा पाठपुरावा केला, फोन करून मूल का आलं नाही ते विचारलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचारांचा मोठा भाग उचलते, पण परळला सहा आठवडे राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, २००६ पासून सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत, जिथे आईला स्वतःच्या हाताने मुलाचं जेवण करता येतं. रक्ताचा काउंट खाली आलेल्या मुलाला बाहेरचं अन्न चालत नाही, म्हणून ती चूल उपचारांचाच भाग आहे. मघाशी सांगितलेले ८५ टक्के हे अशी खोली मिळालेल्या मुलांचे असतात.

वाचण्याबद्दलही खोटं बोलू नये. रेडिएशन पूर्ण झाल्यावर परतलेला मेड्युलोब्लास्टोमा बरा होणं आजही विरळा आहे. अशा वेळी मुलाला दुखू नये, ओकाऱ्या होऊ नयेत, घरी राहता यावं, ही पॅलिएटिव्ह काळजी पूर्ण उपचार म्हणून द्यायची असते. "आता काही करता येण्यासारखं नाही" हे वाक्य कुठल्याही डॉक्टरने कुठल्याही आईला म्हणू नये. करण्यासारखं पुष्कळ असतं.

आणि जी वाचतात त्यांच्याबद्दल सांगून थांबते. सिसप्लाटिनने ऐकू कमी येतं, उंच स्वर आधी जातात. मागच्या बाकावर बसवलेलं मूल "लक्ष देत नाही" म्हणून मार खातं. सोडियम थायोसल्फेट दिलं तर कान बऱ्याच अंशी वाचतात हे आता सिद्ध झालं आहे. जुन्या फोटोग्राफरांचं हे हायपोच. २०२२ मध्ये अमेरिकेत न पसरलेल्या गाठी असलेल्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. मुलाला वेगाने लिहिता येत नसेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, श्रवणदोष आणि बौद्धिक अक्षमता त्यांत आहेत. प्रमाणपत्र काढायला लाजू नका. मुलाच्या लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून ते न काढणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्या मुलांची दहावी बुडालेली पाहिली आहे.

या सभागृहात असं एखादं मोठं झालेलं मूल असेल, किंवा तुमच्या नात्यात असेल, तर एवढं करा. ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथून उपचारांचा सारांश मागून घ्या: कुठलं औषध किती, रेडिएशन किती ग्रे, कुठे. फाइल नंबरसकट घरात जपून ठेवा. दरवर्षी थायरॉइड, वाढ होईपर्यंत उंची, आणि कान तपासा. पंचविशीतही डोकं दुखायला लागलं तर नव्या डॉक्टरला आधी तो कागद दाखवा, कारण रेडिएशन मिळालेल्या जागी बऱ्याच वर्षांनी दुसरी गाठ होऊ शकते. आणि इथे बसलेल्या माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती: ज्या मुलाला दोन आठवड्यांहून जास्त सकाळची डोकेदुखी आणि उलटी आहे, त्याला पित्ताची तिसरी चिठ्ठी लिहू नका. त्याला सरळ रेषेत चालवून बघा, डोळ्यात बघा, आणि एमआरआयला पाठवा.